शुक्रवारची सातवी पोळी

—तर शुक्रवार का, हेच ना? बाकी सगळ्या शाखांत शुक्रवारी माशा मारत बसतात आणि अल्माटीत बसायला खुर्ची मिळत नाही, हे कसं — एवढंच विचारायला अस्तानाच्या मुख्य कचेरीतून विमानानं आलात? अहो, फोन करायचा. बरं, आलात ते चांगलं केलंत. झांदोस साहेब नाहीत आज, बाहेर मीटिंग आहे त्यांची — नाही, कधी येतील ते सांगता यायचं नाही, बर्फावर घसरायच्या पट्ट्या गाडीच्या टपावर बांधून गेलेत, म्हणजे मीटिंग वर डोंगरातच असणार. बसा ना तुम्ही. स्वयंपाकघर छोटं आहे, पण या मजल्यावर ऊब काय ती इथंच. तो फोन जरा सरकवा, मुरंब्याची वाटी ठेवते — राहू दे, राहू दे, उताणाच राहू दे, टिपणं त्यातच घेणार म्हणालात ना, घ्या, मला काय. मी कुल्याश. कुल्याशआपाय म्हणतात सगळे, थोरली बहीण मानून, साहेबसुद्धा. अठरा वर्षं झाली या विमा कंपनीत, पण विमा मी एकदाही विकला नाही. माझ्याकडे किल्ल्या, शिक्के, प्रिंटरची शाई, कोण कुठल्या टेबलाशी बसणार त्याची यादी, साहेबांच्या मेल, आणि हा चहा. घ्या. घोटभरच ओतलाय म्हणून वाईट वाटून घेऊ नका — तुम्ही अस्तानावाले कागदाच्या पेल्यातून पिता, विसरला असाल — घोटभर ओतायचा, संपला की परत घोटभर, म्हणजे पाहुणा बसतो आणि बोलणं होतं. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ एकच, प्या आणि निघा. मागं एकदा साहेबांनी नव्या मुलींच्या स्वागताला स्वतः चहा ओतला होता, प्रेमानं, अगदी काठापर्यंत भरून. दोघींपैकी एक रडायलाच लागली, पहिल्या दिवशी काढून टाकलं म्हणून.

तर तुमचं ते हायब्रिड. अल्दियार ना तुमचं नाव? तर अल्दियार, नियम तुमच्याच मुख्य कचेरीनं पाठवला होता — पाचातले तीन दिवस कचेरीत, दोन दिवस घरी, आणि कुठले तीन ते ज्याचं त्यानं ठरवायचं. किती छान! प्रत्येकानं ठरवलं. आमचे एकोणीस जण, एकोणीस तऱ्हा. मेरुएर्त — नुकसानीचे दावे बघते ती, दारापासून दुसरं टेबल — ती येणार सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, दुपारपर्यंत. आपले वकील विताली — ते येणार त्याच दिवशी, पण मेरुएर्त उठून गेल्यावर. मुद्दाम? छे छे, मुद्दाम कसं म्हणू मी. योगायोगानं दीड वर्ष. बुधवारी एकदा दोघं चुकून एकाच वेळी आले, तर दोघंही हेडफोन लावून आपापल्या टेबलाशी, आणि मीटिंग चाललीय पडद्यावर. मध्ये एक कुंडी. ती बोलली की यांच्या हेडफोनातून दुसऱ्यांदा ऐकू येई. मी चहा घेऊन दोघांच्या मध्ये उभी, म्हटलं आता मी कुठल्या मेरुएर्तला उत्तर देऊ? एका बाईच्या घराचा पत्रा गारांनी फुटला होता, तिचा दावा या दोघांत अडकलेला. एक्केचाळीस मेल, मोजल्यात मी, कारण प्रत्येकीची प्रत साहेबांना, आणि साहेबांच्या मेल वाचायच्या मीच. बावीस ते एक्केचाळीस, या सगळ्या मेलमध्ये नुसतं 'वरील मेल पाहावी'. आणि त्या बाईच्या छताखाली बादली.

पण तुमच्या तक्त्यात सगळं हिरवं हं. हजेरी पूर्ण, दिवस पूर्ण. कार्ड फाटकाला लावलं की झालं.

हां, शुक्रवार. शुक्रवारचं साहेबांनी ठरवलं. लिहा तसं — शाखाप्रमुखांनी दूरदृष्टीनं ठरवलं. बाहेर भिंतीवर त्यांचं मानपत्र बघितलंत ना, सोनेरी चौकटीतलं? 'सामायिक दिवसाच्या कल्पनेसाठी.' तुमच्याच लोकांनी दिलं. तो खिळा मी ठोकला. नाही, म्हणजे — ठरवलं साहेबांनीच. साहेबांच्या नावानंच मेल गेली. असं काय बघता? मोठ्या माणसांच्या मेल काय मोठी माणसं लिहितात का? ते म्हणतात, आपाय, बघून घ्या. मग मी बघून घेते. ही घ्या, मुरंबा लावून खा, ही शेल्पेक आहे — सकाळी तळलीय, अजून मऊ आहे. नको कसं? शुक्रवारची पोळी नको म्हणत नाहीत. तुमच्या घरी करत नव्हते का कुणी? शुक्रवारी पहाटे, सात पोळ्या, तेलाचा वास सुटला पाहिजे, घरातनं गेलेल्या माणसांपर्यंत तो जातो, मग कुराणातल्या दोन ओळी म्हणायच्या आणि पोळ्या वाटून टाकायच्या — शेजाऱ्यांना, वाटेवरच्या माणसाला, कुणालाही, पण खायला माणूस पाहिजे. आपली आपण खाऊन भागत नाही. खाणारा म्हणतो, पोचू दे. मग पोचते. आजी करायची? बघ, म्हणजे माहीत आहे तुला. मग उगाच काय नाक मुरडतोस, बाळा.

माझ्या तोलेगेनसाठी करते मी. नवरा माझा. ट्रॉलीबस चालवायचा, एकतीस वर्षं, अर्ध्या शहराला त्यानं कामावर पोचवलं असेल — सकाळी भेटलेल्या कुणालाही विचारायचं नाही, त्याला विचारायचं, आज रस्त्यावर कोण आहे, कोण आजारी आहे, कुणाचं लग्न ठरलं. आणि तो गेला त्या वीस सालच्या जुलैत, जेव्हा कुणीच रस्त्यावर नव्हतं. तुला आठवतं ना तो उन्हाळा, तू कॉलेजात असशील. श्वास लागला, मंगळवारी नेला, शनिवारी फोन आला. पोचवायला सहा माणसं, तीही लांब लांब उभी. त्याचा भाऊ खाली अंगणात आला, वर खिडकीकडे बघून हात हलवला आणि गेला, वर यायची बंदी. सातव्या दिवसाचं जेवण नाही. चाळिसाव्याचं नाही. अल्माटीत कुणाचं जेवण झालं नाही तेव्हा, मी एकटीच नव्हे, पण दुसऱ्याचं झालं नाही म्हणून आपलं दुखायचं थांबतं का? माझा नवरा उपाशी गेला असं मला वाटायचं. अजून वाटतं. ते तू लिहू नकोस, ते तुझ्या कामाचं नाही.

चहा संपला तुझा, आण इकडे.

तर त्या सात पोळ्या. पहिली दोन-अडीच वर्षं जिन्यात वाटायची मी, पण आमच्या जिन्यातले जुने लोक गेले, कुणी मुलांकडे, कुणी कायमचे, आणि नवे सगळे भाड्याचे. बेल वाजवली की आतून विचारतात, डिलिव्हरी का, दारात ठेवा. दारात ठेवू? नवऱ्याच्या नावाची पोळी पायपुसण्यावर? मुलगी माझी पोलंडला. पडद्यावर बघते ती, म्हणते, आई, किती छान फुगल्यात. पडद्यातून खाता येतं का तिला? म्हणून मग मी कचेरीत आणायला लागले. आणि तेवढ्यात आलं तुमचं हायब्रिड, ज्याचे त्याचे दिवस, आणि ज्यानं त्यानं शुक्रवार तेवढा सोडून सगळे निवडले. एक शुक्रवार आठवतो मला, नोव्हेंबरातला. अख्खा मजला रिकामा. दिवे माणूस हलला की लागतात ना आपल्याकडे, तर मी जाईन तिथं दिवा, मागचा विझतो, पुढचा लागतो, आणि हातात सात पोळ्या. पहारेकऱ्यानं दोन खाल्ल्या, बिचाऱ्याचं पोट बिघडलेलं तरी खाल्ल्या. खालच्या औषधाच्या दुकानातली पोरगी म्हणाली, मी पीठ सोडलंय. म्हटलं, मी तुला सोडायला नाही सांगत, खायला सांगतेय. नाही म्हणाली. पाच पोळ्या परत घेऊन बसमध्ये बसले. त्यात चालकाच्या मागचीच जागा मिळाली. घरापर्यंत रडले मी, उगाच खोटं कशाला सांगू.

सोमवारी येऊन मेल लिहिली.

काय? नाही, हो, मी — साहेबांच्या नावानं. साहेबांच्या खात्यातूनच. पासवर्ड त्यांच्या मुलाचा वाढदिवस आहे, तो लक्षात राहत नाही म्हणून त्यांनी माझ्याकडून पडद्याच्या खाली चिकटवून घेतलाय, साहेबांच्याच हुकमानं. मेल काही वाईट नव्हती हं. तीन ओळी. 'नव्या सूचनेनुसार शुक्रवार हा सामायिक दिवस राहील. सर्वांनी उपस्थित राहावे. उरलेले दोन दिवस आपल्या सोयीने.' सूचना कुणाची ते लिहिलं नाही. ते कुठं कधी लिहितात? आणि गंमत ऐक तू, अल्दियार, ही गंमत तुझ्या अभ्यासात यायला पाहिजे — एकानं विचारलं नाही! लोकांना वाटलं साहेबांनी काढली. साहेबांनी स्वतःच्याच नावाची मेल वाचली, वर अस्तानाकडे बोट दाखवून म्हणाले, आपाय, बघा, आता शुक्रवारसुद्धा सोडत नाहीत हे लोक. आणि अस्तानाला वाटलं, वा, झांदोसनं काय डोकं लढवलं. वरच्याला विचारायचं नाही, एवढं एक आपल्याकडे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. साहेबांनी फक्त एवढं केलं की सगळे शुक्रवारी आहेत म्हटल्यावर आपली काळजी मिटली म्हणून ते दर शुक्रवारी डोंगरात जायला लागले.

पहिल्या शुक्रवारी सगळे तोंडं पाडून आले. विताली तर कोटसुद्धा काढेना. मी कुणाला काही म्हटलं नाही. या टेबलावर चादर घातली, पोळ्या ठेवल्या, लोणी, मुरंबा, आणि दार उघडं ठेवलं, वास जाऊ दे म्हणून. दहा मिनिटांत एक आला, मग दोन, मग सगळे, खुर्च्या ओढत. पोळ्या सातच, एकोणीस माणसांत, म्हणजे फाडून वाटून घ्याव्या लागणार. मेरुएर्तच्या हातातल्या पोळीचं दुसरं टोक वितालीच्या हातात. एक पोळी दोघांनी धरल्यावर 'वरील मेल पाहावी' कसं म्हणणार? तोंड भरलेलं असताना ती म्हणाली, तो पत्र्याचा दावा. हे म्हणाले, हं, फोटोवर तारीख नाही म्हणून अडलंय. ती म्हणाली, तारीख मागच्या बाजूला आहे. मागची बाजू पाठवलीच नव्हती, बाळा! दीड महिना. दुपारी पत्रा मंजूर. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, तोलेगेन, तुझी पोळी कुणाच्या तरी छताला लागली.

मग आपोआपच झालं ते. ज्याला जे दोघांत अडलंय ते शुक्रवारी, ज्याला एकट्याचं डोकं चालवायचंय ते घरी. सोमवारी कुणी घरून काम करतो म्हणाला की त्याला कुणी छळत नाही, पूर्वी छळायचे, दर तासाला मेल, आहेस का, आहेस का. आता माहीत आहे, शुक्रवारी भेटणारच आहे मेला, तेव्हा विचारू. एवढंच आहे तुमचं यश. याला तुम्ही काय नाव देणार? देऊ नका. नाव दिलं की त्याची समिती होते, मग समिती शेल्पेक बाहेरून मागवेल, प्रत्येक शाखेला सात, प्लॅस्टिकच्या डब्यात.

चुका झाल्या ना माझ्या, नाही कशा. बेक्झान म्हणून एक आहे, हिशोबातला, त्याची आई गावाला, शुक्रवारी तिला रक्त शुद्ध करायला दवाखान्यात न्यायचं असतं, पूर्वी तो न्यायचा. माझी मेल गेली आणि हा मुकाट्यानं शुक्रवारी इथं येऊन बसायला लागला, बहिणीनं नोकरीतून वेळ काढायचा. चार आठवडे मला पत्ता नाही. मग एकदा या खुर्चीवर बसून म्हणाला, आपाय, तुम्ही अस्तानाला विचाराल का माझ्यासाठी, मला शुक्रवारी सूट मिळेल का? तोंडातला घास तसाच राहिला माझ्या. चार आठवडे त्या बाईचा मुलगा मी अडवून ठेवला होता, माझ्या नवऱ्याची पोळी खायला! त्याच क्षणी सांगायचं, जा बाबा, सगळं मीच रचलंय. सांगितलं नाही. म्हटलं, विचारते. आणि थांबले. एका दिवसात परवानगी आली की संशय येतो, म्हणून तीन दिवस लावले. मग सांगितलं, अस्तानानं मंजूर केलं. त्यानं माझे दोन्ही हात धरले — आपाय, तुमचे उपकार. लाज वाटली. पण हेही खरं सांगते, परवानगी द्यायला बरं वाटलं. आता मला कळतं तुम्ही लोक वर का बसता.

आज सहाच पोळ्या गेल्या बघ. दोघं आजारी, बेक्झान गावाला, लेखा विभाग लवकर उठला. सातवी राहिली होती, आणि मी म्हटलं आता परत पिशवीत, तेवढ्यात तू दारात. म्हणून तर एवढा आग्रह. तू धरूनच बसलायस अजून ती? हात तेलकट झाले असतील, पुसायला देऊ का — थांब. तुझ्या फोनवर तो लाल ठिपका कसला?

नाही, हलवू नकोस. आकडे पळतायत त्याच्याखाली. बावन्न मिनिटं?

टिपणं घेणार म्हणालास. मला वाटलं, टिपणं म्हणजे तू लिहिणार. मी आपली मुरंबा सांडू नये म्हणून जपत होते त्याला. म्हणजे मेल, पासवर्ड, बेक्झानची सूट — सगळं त्यात गेलं? बसमध्ये रडले ते? तोलेगेनचंसुद्धा?

बरं.

ऐका, अल्दियार. आता नीट सांगते, हेही जाऊ दे त्यात. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. बेक्झानला तर नाहीच, त्याच्या सुटीला हात लावू नका. नाव माझं एकटीचं लिहा. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत माझ्या, त्याचं काय व्हायचं ते होईल, मला काढायचं तर काढा. पण हा शुक्रवार काढू नका. मी नसले तरी दुसरं कुणी तळेल, मेरुएर्तची आई चांगली तळते, मी शिकवीन उरलेलं. या टेबलाशी माणसं बसली पाहिजेत. चार वर्षं त्या माणसाच्या नावानं कुणी बसलं नव्हतं हो. आता बसतात. आपण कुणासाठी खातोय हे निम्म्यांना माहीतही नाही, पण खातात.

आणि ती पोळी ठेवा खाली. आता नका खाऊ. आता तुम्ही खाल्लीत तर मी लाच दिल्यासारखं होईल, आणि नाही खाल्लीत तरी मी काही म्हणणार नाही, मी पहारेकऱ्याला — अहो. अहो, सावकाश. घास लागेल. एवढी एकदम कोण खातं.

काय म्हणालात?

परत म्हणा.

'पोचू दे' म्हणायचं आजीनं शिकवलं? चांगलं शिकवलंय तिनं. नाव काय होतं तिचं? बरं. पुढच्या शुक्रवारी तिचंही नाव घेईन, सातांत ती एक मावेल.

द्या तो पेला. हो, काठोकाठच भरतेय, दिसतंय मला. चारचं विमान आहे ना तुमचं, खाली बर्फ पडतंय, गाड्या अडकतात. प्या आणि निघा. आणि त्या ठिपक्याचं काय करायचं ते मला विचारू नका, अस्तानाला विचारा. विचारा आणि तीन दिवस थांबा. मग मला कळवा, अस्ताना काय म्हणाली ते.